जिथं कुलूपवाला माशा मारतो

त्या दिवशी सकाळपासून वारा सुटला होता. वाराही असा, की आपल्याला कुठं जायचंय ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. एकदा इकडून यायचा, एकदा तिकडून. आभाळ भरल्यासारखं दिसत होतं, पण भरलं होतं ते धुळीनं. चारी बाजूंना इमारती उठत होत्या, त्यांचं सिमेंट वाऱ्यावर बसून गावभर हिंडत होतं. खिडकी उघडावी तर डोळ्यांत जायचं, लावावी तर जीव घुसमटायचा. अशा दिवशी शहाण्या माणसानं घरात बसावं. आबा बाहेर पडले.

(आबा शहाणे नव्हते असं नाही. पण घरात बसावं असं घरच राहिलं नव्हतं, त्याचीच ही गोष्ट आहे.)

आबा म्हणजे जन्मभर कुलूपं दुरुस्त करून आणि किल्ल्या घासून पोट भरलेला माणूस. हात थकले तसं मुलानं त्यांना आणि त्यांच्या बायकोला, म्हणजे माईंना, आपल्याकडे आणलं. मुलगा आणि सून दोघंही काचेच्या इमारतींत कामाला. तो एका काचेत, ती दुसऱ्या काचेत. राहायला भाड्याचा फ्लॅट, आणि तोही इतक्या वर की कावळासुद्धा तिथवर यायचा कंटाळा करायचा. आता घरमालकाला ते घर परत हवं होतं. महिना संपायच्या आत दुसरीकडे बिऱ्हाड हलवायचं होतं, आणि या खेपेला मुलानं ठरवलं होतं की भाड्याचं पुरे, आता स्वतःचं घ्यायचं. ठरवलं खरं. पण कुठल्या वस्तीत?

यावरून घरात रोज जेवताना जुंपायची.

"तलावाकडेच बघू," मुलगा म्हणायचा. "ऑफिस पायाखाली."

"तुझं पायाखाली, पण माझं?" सून म्हणायची. "मी रोज जाऊन येईपर्यंत म्हातारी होईन. पुलापलीकडे बघू."

मग तो फोनवर नकाशा काढायचा. त्यावर तिच्या वस्तीचे रस्ते गर्दीनं लाल झालेले. ती आपल्या फोनवर नकाशा काढायची. त्यावर त्याच्या वस्तीचे लाल. दोघंही आपापला फोन आबांच्या नाकाखाली धरून म्हणायचे, "बाबा, तुम्हीच सांगा!" आबांना चष्म्यातून दिसायच्या त्या नुसत्या लाल शिरा. ते दोन्ही नकाशांना "छान आहे" म्हणायचे, आणि मग दोघंही त्यांच्यावर रागवायचे.

पण आबांच्या पायाला भिंगरी लागली होती ती या भांडणामुळं नव्हे. ती लागली होती माईंमुळं.

माई बोलत नव्हत्या. म्हणजे रुसल्या होत्या असं नाही. भाजी चिरायच्या, कपडे वाळत घालायच्या, विचारलं तर "हो", "नाही" म्हणायच्या. पण ज्या बाईच्या तोंडाला जन्मात कधी खीळ नव्हती, ती या फ्लॅटमध्ये आल्यापासून मूग गिळून बसली होती. जुन्या गल्लीत असं नव्हतं. तिथं माईंच्या स्वयंपाकघरात भिंतीवर एक लाकडी पट्टी होती, तिच्यावर खिळे मारलेले, आणि त्या खिळ्यांवर अख्ख्या गल्लीच्या किल्ल्या. कुणी बाहेर जाताना किल्ली टाकून जायचं, कुणी येताना घेऊन जायचं, आणि प्रत्येक किल्लीमागं माईंचं निदान अर्धा तास बोलणं व्हायचं. आबा चेष्टेनं म्हणायचे, "कुलूपवाल्याच्या बायकोनंच कुलूपवाल्याचा धंदा बसवला. दार उघडायला मला बोलावणार कोण? सगळे हिच्याकडे येतात!"

इथं कुणी किल्ली टाकायला येत नव्हतं. समोरच्या दारात माणसं राहतात हे माईंना फक्त त्यांच्या चपलांवरून कळायचं.

आणि परवा भाजी निवडता निवडता माई एवढं मोठं वाक्य बोलल्या की आबा दचकलेच.

"बहीण बोलावतेय मला. नवं घर बघताय, खुशाल बघा. पण तेही असंच मुकं निघालं तर मी तिच्याकडे जाईन. कायमची."

"आणि मी?"

"तुम्हाला काय, 'छान आहे' म्हणत बसा."

तेव्हापासून आबांना एका जागी बसवेना. खुर्चीत बसले की उठावंसं वाटे, उठले की कुठं जावं कळेना. गॅलरीतून दारात, दारातून गॅलरीत, अशा येरझाऱ्या घालता घालता त्यांच्या डोक्यात एक विचार आला. (आबांच्या डोक्यात विचार क्वचित यायचा, पण आला की मुक्कामाला यायचा.) वस्तीतली माणसं कशी आहेत हे नकाशावर कळत नाही, एजंटला विचारून कळत नाही. ते कळतं फक्त एका माणसाला. तिथल्या कुलूपवाल्याला.

आता बघा, हिशेब सोपा होता. माणूस किल्ली आत विसरतो आणि दार ओढून घेतो, हे सगळ्या जगात होतं. पण दुसरी किल्ली शेजारी ठेवलेली असेल तर तो शेजारी जातो. नसेल तर कुलूपवाल्याला बोलावतो. म्हणजे जिथं कुलूपवाल्याची चंगळ, तिथं शेजाराचा दुष्काळ. आणि जिथं कुलूपवाला माशा मारत बसलेला, तिथं डोळे मिटून राहायला जावं.

असा विचार करून आबांनी टोपी घातली आणि त्या धुळीच्या वाऱ्यात बस पकडली.

पहिल्यांदा गेले तलावाकडे. तिथं तलाव कुठं दिसेना. एका पोरसवदा पहारेकऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "काका, तलाव होता तेव्हा वस्ती नव्हती. वस्ती आली तेव्हा तलाव गेला. नाव तेवढं राहिलंय." कुलूपवाला मात्र लगेच सापडला. कोपऱ्यावर टपरी, आणि टपरीपुढं माणसं रेशनच्या दुकानापुढं असावीत तशी उभी. कुलूपवाला एका कानाला फोन लावून, दुसरा फोन खांद्यात धरून किल्ली घासत होता.

"धंदा बरा दिसतो," आबा म्हणाले.

"बरा?" तो कानशीवरून नजर न काढता म्हणाला. "काका, सोन्यासारखी वस्ती आहे! सकाळी एक बाई कचरा ठेवायला बाहेर आली आणि दार मागं लागलं. गॅसवर दूध. शेजारी सगळे घरात होते हो, पण कुणी दार उघडेना. मला लांबून पळत यावं लागलं. देव करो आणि ही माणसं अशीच राहोत!"

आबांनी टोपी सारखी केली आणि ते बसथांब्याकडे वळले. ज्या वस्तीला कुलूपवाला सोनं म्हणतो ती आपल्याला नको.

मग गेले पुलापलीकडे. तिथं कुलूपवाला टपरीवर नव्हताच. टपरीला पाटी, 'कामावर गेलो आहे'. ती पाटीही इतकी जुनी की गेला तो गेलाच असावा. टपरीपाशी एक बाई उभी होती, डोक्याला ओला टॉवेल, पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"बाहेर राहिलात वाटतं?" आबांनी हळूच विचारलं.

"हो ना. फोन आत, किल्ली आत, सगळं आत. मीच तेवढी बाहेर."

"शेजारी कुणी नाही?"

"आहेत की. चांगले आहेत."

"नाव काय त्यांचं?"

बाई विचारात पडली. "नाव नाही माहीत. पण त्यांचं वाय-फाय रोज दिसतं मला."

आबा तिच्याजवळ जरा वेळ थांबले, खिसा चाचपला. हत्यारं असती तर त्यांनीच उघडून दिलं असतं, पण ती कधीच देऊन टाकली होती. शेवटी लांबून कुलूपवाला सायकल हाणत येताना दिसला, तेव्हा ते निघाले.

आता राहिली टेकडीखालची वस्ती. मुलाच्या नकाशावर ती होती, सुनेच्याही नकाशावर होती, पण दोघांनाही नको होती. आबा तिथं उतरले तेव्हा वारा जरा पडला होता. नव्या कोऱ्या इमारती, नवी झाडं (प्रत्येक झाडाला काठीचा आधार, जसा म्हाताऱ्याला असतो). आणि रस्त्याच्या वळणावर एक छोटी टपरी. टपरीत स्टुलावर एक कुलूपवाला बसलेला. हातात वर्तमानपत्राची गुंडाळी. आबा बघत असतानाच त्यानं ती गुंडाळी उचलली, नेम धरला आणि फट्‌कन माशी मारली.

आबांच्या अंगावर रोमांच उभे राहिले.

"राम राम," ते म्हणाले. "काम कसं काय?"

"कसलं काम!" कुलूपवाल्यानं गुंडाळी खाली ठेवली. "या इमारतींतून दार उघडायला एक माणूस बोलावत नाही. कुणी बाहेर अडकतच नाही इथं. बसलोय बघा असा, सकाळपासून."

"अडकतच नाही?"

"अडकतील कसे? इथं—"

"सांगू नका!" आबांनी हात वर केला. "मला ठाऊक आहे."

"तुम्हाला ठाऊक आहे?"

"मी याच धंद्यातला. आयुष्य गेलं माझं यात."

"मग तुम्हाला काय सांगायचं," कुलूपवाला उसासा टाकून म्हणाला. "दिवस बदलले."

"बदलले नाहीत हो, हेच बघायला आलो होतो मी! कुठंतरी अजून शिल्लक आहे!"

कुलूपवाल्यानं आबांकडे असं पाहिलं, जसं उन्हात फार हिंडलेल्या माणसाकडे पाहावं. मग त्यांना पाणी दिलं. दोघं जरा वेळ शेजारी शेजारी बसले, एक मान हलवत होता दुःखानं आणि एक आनंदानं. जाताना आबांना आनंद इतका झाला होता की त्यांनी उगाचच एक किल्ल्यांची साखळी विकत घेतली. त्या बिचाऱ्याची तेवढी तरी बोहनी झाली.

घरी येऊन आबांनी जेवणाच्या टेबलावर हात आपटला. (हळूच आपटला. पण त्यांनी तो कधीच आपटला नव्हता, त्यामुळं आमटी सांडली.)

"टेकडीखाली घ्यायचं घर," ते म्हणाले. "शेजार सोन्यासारखा आहे. मी बघून आलोय."

मुलानं सुनेकडे पाहिलं, सुनेनं मुलाकडे. दोघांनी आपापले फोन काढले. टेकडीखालची वस्ती त्याच्या ऑफिसपासून लांब होती, आणि तिच्या ऑफिसपासूनही तेवढीच लांब. दोघांनाही सारखीच गैरसोय! एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं कित्येक दिवसांत पहिल्यांदा एकमत झालं, आणि सुंठीवाचून खोकला गेला.

"शेजाऱ्यांशी बोलून आलात?" मग स्वयंपाकघरात माईंनी विचारलं.

"बोलायची गरजच नाही. कुलूपवाला माशा मारतोय तिथं."

जन्मभर कुलूपवाल्याबरोबर संसार केलेल्या बाईला याहून जास्त सांगावं लागत नाही. माईंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "बघते," त्या म्हणाल्या. "पण बॅग मी भरलेलीच ठेवणार आहे."

झालं. महिना संपायच्या आत सामान हललं. ट्रक आला, खोकी चढली, लिफ्ट दोनदा बंद पडली, आणि शेवटी सगळे नव्या दारापुढं उभे राहिले. आबा पुढं झाले. सवयीनं त्यांनी दारावर हात फिरवला आणि किल्लीचं भोक शोधू लागले. माणूस भेटला की आपण तोंड बघतो, तसं आबा दाराचं भोक बघायचे.

भोक नव्हतं.

वर चाचपलं, खाली चाचपलं. एक काळी गुळगुळीत पट्टी होती, तिला हात लागताच तिच्यावर आकडे उजळले.

"बाबा, किल्ली-बिल्ली काही नाही इथं," मुलगा कौतुकानं म्हणाला. "सगळ्या इमारतींत हेच. बोट टेकवा नाहीतर नंबर दाबा. माणूस बाहेर अडकायची भानगडच नाही!"

त्यांना त्या टपरीतला माणूस आठवला, तो म्हणत होता 'इथं—', आणि आपण म्हणालो, 'सांगू नका'. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. मजल्यावर आणखी तीन दारं, तिन्ही बंद, तिन्हींवर तशीच काळी पट्टी. एवढी मोठी वस्ती, आणि तिच्यात एकालाही शेजाऱ्याची गरज नव्हती.

"काय झालं?" माईंनी विचारलं.

"कुठं काय? छान आहे," आबा म्हणाले.

मुलानं त्यांचं बोट पट्टीवर टेकवलं. पट्टी 'टूं' करून नाही म्हणाली. दुसरं बोट, तिसरं बोट, अंगठा, सगळ्यांना नाही. जन्मभर कानशीनं किल्ल्या घासता घासता बोटांच्या रेषाही घासल्या गेल्या होत्या. "बाबा," मुलगा हसू दाबत म्हणाला, "या यंत्राच्या मते तुम्ही कुणीच नाही." माईंनी तर बोट द्यायला साफ नकार दिला. "अंगठा मी कुठंच देत नाही," त्या म्हणाल्या. "मी सही करणारी बाई आहे."

"मग नंबर लक्षात ठेवा. तुमच्या लग्नाची तारीख ठेवतोय. ती काही तुम्ही विसरणार नाही. पण बाहेर कुणाला सांगू नका हं, नंबर म्हणजेच किल्ली."

"लग्नाची तारीख कोण विसरेल!" आबा म्हणाले.

त्यानंतरचे दिवस आबांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. दारामागं उभं राहून ते कान लावायचे. बाहेर टूं वाजायचं, दार उघडायचं, मिटायचं, पुन्हा शांत. कुणी कुणाशी बोलत नाही. ते जिना चढून वर जायचे, उतरून खाली जायचे (परत आले की बेल वाजवायचे, माई दार उघडायच्या), लिफ्टमध्ये माणूस भेटला की हसायचे. माणूस फोनकडे बघून हसायचा. एकदा तर त्यांनी मुद्दाम साखर मागायला समोरची बेल वाजवली. दारातल्या डब्यातून आवाज आला, "पार्सल खाली ठेवून जा." आबा हातातली रिकामी वाटी खाली ठेवून आले. (ती वाटी मग संध्याकाळी सुनेनं उचलून आणली, आणि कुणाची म्हणून विचारत बसली.)

माई बोलत नव्हत्या. खरं आपण होऊन सांगून टाकावं असं आबांना दहादा वाटलं आणि दहादा त्यांनी पाणी पिऊन ते गिळलं.

आणि मग एका सकाळी, मुलगा-सून कामावर गेल्यावर, आबा बनियनवर दाढी करत होते. आरशात त्यांना मागून माई जाताना दिसल्या. हातात बॅग.

"अगं!" आबा वळले. गालाला अर्धा साबण. "अगं, कुठं?"

दार उघडल्याचा आवाज आला. आबा तसेच धावले, अनवाणी, हातात ब्रश, आणि लिफ्टपाशी त्यांनी माईंच्या बॅगेचा पट्टा धरला.

"सोडा. बस आहे माझी."

"आधी आत चल. बसून बोलू."

"तुम्ही आत जा. कसल्या अवतारात आलात!"

"तू आल्याशिवाय मी—"

त्यांच्या मागं दार हळूच, शहाण्या पोरासारखं, आपलं आपण मिटलं. टूं.

दोघंही दाराकडे बघत राहिली.

"जा, नंबर दाबा आणि आत जा," माई म्हणाल्या. "मला उशीर होतोय. पण तुम्हाला असं उघड्यावर टाकून कशी जाऊ?"

आबांनी ऐटीत पट्टीला हात लावला. आकडे उजळले. त्यांनी सावकाश, एकेक करून लग्नाची तारीख दाबली. टूं टूं. नाही.

"बोट ओलं आहे," ते म्हणाले. बनियनला पुसलं, पुन्हा दाबली. टूं टूं.

माई जवळ आल्या. "कुठली तारीख घालताय?"

"आपल्या लग्नाची." आणि त्यांनी तारीख मोठ्यानं सांगितली.

माईंनी हातातली बॅग खाली ठेवली. "त्या दिवशी झालं आपलं लग्न?"

"झालं ना!"

"तुम्ही होतात?"

"म्हणजे काय! मी नसताना—"

"मी होते," माई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जो इतके महिने कुठं दडून बसला होता तो असा वर आला की जिन्यात घुमला. "मी होते, माझे बाबा होते, तुमचे बाबा होते, जेवायला बसलेली माणसं होती. तुम्ही कुठं होतात?"

आबांनी घाबरून तीच तारीख तिसऱ्यांदा दाबली. आता मात्र दारानं हात टेकले. टूं टूं सोडून ते सरळ बोंबच मारू लागलं, चोर आल्यासारखं. पट्टी लाल झाली आणि तिच्या आतून एक बाई थंडपणे म्हणाली, "कृपया थोड्या वेळानं प्रयत्न करा."

तिन्ही दारं उघडली.

समोरच्या दारातून एक तरुण बाई आली, डोक्याला हेडफोन, तोंडापुढं माइकची दांडी. दुसऱ्या दारातून रात्रपाळी करून झोपलेला एक माणूस आला, गालावर उशीच्या रेघा. कोपऱ्यातल्या दारातून एक बाई आली, कडेवर तान्हं मूल.

"काय झालं? चोर?" रात्रपाळीवाला म्हणाला, आणि त्यानं आबांकडे पाहिलं. बनियन, अनवाणी पाय, गालाला साबण, हातात ब्रश.

"चोर नाही, नवरा आहे माझा," माई म्हणाल्या. "स्वतःच्या लग्नाची तारीख माहीत नाही, म्हणून बाहेर उभा आहे."

"मला माहीत आहे!" आबा म्हणाले. "ठरलेली तारीख ती!"

"ठरलेली! ठरलेली होती! झालं का त्या दिवशी?" माई हेडफोनवालीकडे वळल्या. "तूच सांग पोरी. मुलगी तयार होऊन बसलीये. माणसं जमलीयेत. आणि नवरदेवाचा पत्ता नाही. काय वाटत असेल त्या मुलीला?"

"अय्या, पळून गेले होते?" हेडफोनवालीनं विचारलं.

"पळायला अक्कल लागते. सकाळी कुणीतरी सांगत आलं, गोदामाचं कुलूप बिघडलंय, जरा बघता का. लग्नाच्या दिवशी! आणि हे गेले हत्यारं घेऊन."

"मोठं गिऱ्हाईक होतं," आबा पुटपुटले.

"कुलूप उघडलं. आत गेले. दार मागं लागलं."

"आणि?"

"आणि काय? हत्यारं बाहेर, हे आत."

मग रात्रपाळीवाल्याला समजलं. "म्हणजे... कुलूपवाला... आत अडकला?" तो भिंतीला टेकला आणि असा हसला की त्याच्या गालावरच्या उशीच्या रेघा पुसल्या गेल्या. कडेवरचं मूलही उगाच हसायला लागलं.

हेडफोनवालीनं माइकची दांडी वर केली आणि फोनवर काहीतरी दाबलं. "नेट गेलंय म्हणून सांगते त्यांना," ती म्हणाली. "आजी, थांबा हं, खुर्ची आणते तुम्हाला." खुर्ची आली. कोपऱ्यातल्या बाईनं चहा आणला, आणि आबा थंडीनं शहारले तशी बाळाची दुलई आणून त्यांच्या खांद्यावर टाकली. दुलईवर पिवळी बदकं होती.

माई खुर्चीवर बसल्या. एक हात पदरात, एक हात बोलायला मोकळा. "आणि आम्हाला तिकडं काय माहीत? माझे बाबा म्हणतात, नवरा पळाला. यांचे बाबा म्हणतात, पळणार नाही, त्याला पळता येत नाही..."

"अगं, एवढं कशाला," आबा म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. आणि ऐका हो, यांना वाटत होतं की मला काही कळलं नाही. दाराला किल्लीचं भोकच नाही, मग कुलूपवाला माशाच मारणार ना? पहिल्याच दिवशी ओळखलं मी. कधी सांगतायत बघत होते आठवडाभर. सांगतील तर शपथ! हा माणूस तेव्हाही असाच. दार लागलंय म्हणून ओरडायचं सोडून आत बसून राहिला, लोक काय म्हणतील म्हणून!"

"मग लग्न कधी झालं?" कोपऱ्यातल्या बाईनं विचारलं.

"दुसऱ्या दिवशी! आणखी कधी?"

रात्रपाळीवाल्याचा मेंदू आता जागा झाला होता. तो पुढं झाला, पट्टीचा लाल रंग गेलेला बघितला, आबांना ठरलेली तारीख विचारून ती एका दिवसानं पुढं नेली आणि दाबली. टूं. दार उघडलं. 'नंबर म्हणजेच किल्ली' म्हणून मुलानं बजावलेली किल्ली आता अख्ख्या मजल्याच्या खिशात होती, पण त्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. दार उघडणारासुद्धा परत येऊन माईंच्या पायाशी पायरीवर बसला.

"अगं, दार उघडलं," आबा म्हणाले.

कुणी ऐकलं नाही.

"अगं, तुझी बस—"

"गेली असेल," माई मागं न बघता म्हणाल्या. "तर त्या गोदामात काय होतं सांगू? कांदे! आणि हे रडतायत ते कांद्यांनी की माझ्यासाठी, ते अजून मला कळलेलं नाही..."

आबा बदकांची दुलई पांघरून एकदा उघड्या दाराशी गेले, एकदा परत आले. पुन्हा दाराशी गेले. गालावरचा साबण वाळून आता ओढायला लागला होता. शेवटी ते माईंच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले आणि घसा खाकरला. तेव्हा हेडफोनवालीनं हातानंच त्यांना थांबायची खूण केली आणि अगदी आपुलकीनं, हळू आवाजात म्हणाली,

"आजोबा, तुम्ही आत जाऊन पडा हवं तर, दार उघडंच आहे. आजींना मात्र इथंच असू द्या. तुम्ही गोदामात अडकलात तिथवरच आलीये गोष्ट, आणि तुम्ही सुटल्याशिवाय आम्हाला चैन पडायचं नाही."